मेलेल्या मशीनचा जबाब

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

"ऑपरेटरने यंत्रणेत अनधिकृत हस्तक्षेप केल्यामुळे बिघाड उद्भवला." एवढं एक वाक्य, खाली तुमची सही, आणि सही अशी वळणदार की वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस विचार करून लिहितो. मी त्या दिवशी तिथे होतो. तुम्ही नव्हतात. तुम्ही फोनच्या पलीकडे होतात आणि तुमच्यापुढे कुणीतरी चहा ठेवल्याचा, बशीचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. म्हणून काय झालं ते मीच सांगतो, आणि सुरुवातीपासून सांगतो, कारण तुमच्या कागदावर सुरुवातच नाही.

मी खंडेराव. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या अंगाला कोल्ड स्टोरेज आहे, तिथला इलेक्ट्रिशियन. मोटरी, स्टार्टर, पॅनेल हे माझं खातं. कॉम्प्युटर माझ्या खात्यात नव्हता. तो मोहिनीच्या, तुमच्याच कंपनीने आमच्याकडे नेमलेल्या ऑपरेटरच्या.

मोहिनी गावित, सुरगाण्याकडची. बीएस्सी झाली, मग नाशिकला खोली घेऊन राहिली आणि एका क्लासात लिनक्स शिकली. तिची आई पुतळाबाई दर हंगामाला डोंगर उतरून आमच्याच पॅकहाऊसला येते. हातात बारीक कात्री घ्यायची आणि द्राक्षाच्या घडातले फुटके, बारके मणी काढत दिवसभर उभं राहायचं. आई खालच्या हॉलात, मुलगी वरच्या ऑफिसात, आणि दुपारची भाकरी दोघींची जिन्याच्या पायरीवर. हॉलातल्या बायका पुतळाबाईला छेडायच्या, तुझी पोरगी दिवसभर मशीनशी बोलती, उद्या नवऱ्याशी काय बोलणार? पुतळाबाई कात्री न थांबवता म्हणायची, "मशीन ऐकून तरी घेतं."

तुमच्या कंपनीने आम्हाला दिलेलं मशीन म्हणजे एक लोखंडी डबा. त्याला पडदा नाही, की-बोर्ड नाही. अमोनियाच्या कंप्रेसरशेजारी, तेलकट भिंतीला टांगलेला. चारही चेंबरचं तापमान बघायचं आणि माझ्या कॉन्टॅक्टरना, म्हणजे मोटरी चालू-बंद करणाऱ्या स्विचना, हुकूम सोडायचा, एवढं त्याचं काम. डब्याच्या पाठीतून एक वायर निघायची, मोटरीच्या जाड केबलींबरोबर एकाच ट्रेमधून वर ऑफिसात यायची आणि मोहिनीच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला लागायची. एकाच ट्रेमधून, हे लक्षात घ्या, तुमच्याच ठेकेदाराने तशी ओढली होती. या वायरीला सिरियल कन्सोल म्हणतात. मोहिनीने मला सोपं करून सांगितलं होतं: डब्याचं तोंड हेच आणि कानही हाच.

आता दोन हजार पाचची खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. पान्हा, टेस्टर, वजनकाटा, टेम्पोचं स्टिअरिंग, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हातात घ्यायचं नाही, ते विश्रांतीला. कंप्रेसर थांबवता येत नाही, आत सटाण्याची डाळिंबं होती, पण कॉम्प्युटरला विश्रांती द्यायला काय हरकत? गोटीराम आमचा कंप्रेसरवाला. तेवीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढून आमच्याकडे आलेला माणूस, कंप्रेसरच्या आवाजावरून तेल किती उरलंय ते सांगतो. त्याने मोठ्या भक्तीने मोहिनीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बंद केला, मागची वायर काढली, सगळं ओल्या फडक्याने पुसलं, वर माळ घातली. वायर तशीच लोंबत राहिली. तिलाही एक फूल बांधलं होतं.

दुपारपासून खालचा डबा आपोआप बंद होऊन सुरू व्हायला लागला. काही कारण नाही, कुणी हात लावलेला नाही. बंद, सुरू. तासाभराने पुन्हा बंद, सुरू. दर वेळी कंप्रेसर खाड्कन बंद पडायचे आणि मी जिना उतरून पळायचो. डाळिंबांना काही झालं नाही, पण गोटीरामचा चेहरा बघवत नव्हता. पूजेत आपलं काही चुकलं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोहिनीने वायर परत लावली आणि डबा शहाण्यासारखा वागायला लागला. दुसरा कुणी असता तर तिथेच विषय संपला असता. ती म्हणाली, "खंडूभाऊ, मला एक वायर बनवून द्या. डब्याचं बोलणं आपल्याला ऐकू आलं पाहिजे, पण त्याच्या कानाची तार आपल्या बाजूला मोकळी सोडा. काल लोंबत होती तशी."

दिली बनवून. ती पडद्यासमोर बसली, मी खाली जाऊन मोठा कंप्रेसर बंद केला, सुरू केला. काही नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा वरून तिची हाक आली, आणि मी वर गेलो तर काळ्या पडद्यावर एक ओळ आली होती. मदतीची ओळ. मला अमुक अक्षर दिलंत तर मी अमुक करीन, तमुक दिलंत तर तमुक, अशी यादी. कुणी काही विचारलं नव्हतं. कुणी बटणाला हात लावला नव्हता. हाक नसताना आतून ओ आली होती.

माझ्या अंगावर काटा आला, हे मी लिहून ठेवतो. वीज मला नवी नाही, चारशे चाळीसचा झटका दोनदा खाल्लाय. हे वेगळं होतं.

मग तिने समजावलं. वायरीवर अक्षरं जातात म्हणजे क्षणाच्याही बारीक भागात संपणारे झटके जातात. पण वायर एकाच बाजूला दाबून धरली, एका अक्षराला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ, तर ते अक्षर राहत नाही. त्याला ब्रेक म्हणतात. दारावर थाप मारणं वेगळं आणि कडी धरून ठेवणं वेगळं. डब्याच्या अगदी तळाशी, सगळ्या कामांच्या खाली, कर्नेल नावाचा कारभारी असतो. ब्रेक आला की तो सावध होतो, आणि पुढच्या पाच सेकंदांत जे एक अक्षर येईल ते हुकूम मानतो. टी आलं तर आत चाललेली सगळी कामं कुठे कुठे उभी आहेत ते सांगतो. एस आलं तर हातात आहे ते सगळं डिस्कवर लिहून टाकतो. यू आलं तर डिस्कला हात लावणं थांबवतो. आणि बी आलं तर काही न विचारता, जागच्या जागी, सगळं सोडून नव्याने सुरू होतो. लोंबत्या वायरीने शेजारच्या मोटरीच्या केबलींचा कचरा उचलला. त्या कचऱ्यात कधी ब्रेक तयार झाला आणि मागोमाग कधी नशिबाने बी.

गोटीरामला हे सांगितलं तेव्हा तो उठून वायरीचं टोक बघून आला. मग म्हणाला, "म्हंजे कर्नलसाहेबाला आपण फुलं वाहिली आन त्याचा कान उघडा ठेवला."

"कर्नेल, काका."

"तेच ते. हुद्दा मोठाच हाय ना?"

मी मोहिनीला विचारलं, हे असलं दार ठेवलंय कशाला? ती म्हणाली, वरचं सगळं मेलं तरी तळातला कान जिवंत राहावा म्हणून. पडदा गोठला, कामं अडकली, आत शिरायला जागा नाही, अशा वेळी बाहेरच्या माणसाला निदान एक प्रश्न विचारता यावा. ज्यांनी कर्नेल लिहिला त्यांनीच या सोयीला जादूची कळ असं नाव दिलंय. कोण आहेत ते? जगभर पसरलेली माणसं, ती म्हणाली, पगार नसताना लिहिणारीही त्यात खूप.

त्या दिवशी मी सायकलवर घरी गेलो आणि वाटेत दोनदा थांबलो. कुठल्यातरी देशात, थंडीत, कुणी एक जण बसला असेल. त्याला पिंपळगाव माहीत नाही, अमोनिया माहीत नाही, मी माहीत नाही. तरी त्याच्या मनात आलं की कधीतरी, कुठेतरी, एका परक्या माणसाचं मशीन मरून पडेल आणि तो त्याच्यासमोर हात बांधून उभा असेल. त्या माणसासाठी त्याने भिंतीत एक भोक ठेवलं. आमच्यासाठी एवढा विचार आमच्या आमदाराने केलेला नाही.

आणि तुम्ही काय केलंत साहेब? खंडेनवमीचं तुम्हाला कळल्यावर दोन दिवसांत तुमचा आदेश आला. सगळ्या ठिकाणच्या मशीनवर ही कळ शून्य करा. शून्य म्हणजे पूर्ण बंद. वायर ट्रेमधून वेगळी काढा, दोन्ही टोकं स्क्रूने आवळा, असं एक अक्षर त्यात नव्हतं. कुत्रं रात्री भुंकलं म्हणून त्याची जीभ कापायची, असा तो आदेश होता.

वायर मी वेगळी केली. नवीन पाइप टाकून, मोटरीच्या केबलींपासून लांब. मोहिनीने तुम्हाला ईमेल केली. तिने लिहिलं की या कळीला नुसतं चालू आणि बंद असं नाही, वेगवेगळ्या हुकमांना वेगवेगळे आकडे आहेत. दाखवण्याचा आठ, डिस्कवर लिहिण्याचा सोळा, डिस्क थांबवण्याचा बत्तीस. पुन्हा सुरू होण्याचा एकशे अठ्ठावीस. पहिल्या तिघांची बेरीज छप्पन्न. छप्पन्न ठेवा म्हणजे वायरीवर कितीही कचरा आला तरी मशीन पडणार नाही, फार तर दोन ओळी बडबडेल. आणि खरंच अडलं तर आपल्याला विचारता येईल.

तुमचं उत्तर आलं. तीन शब्दांचं. शून्य म्हणजे शून्य.

तिने छप्पन्नच ठेवलं. मला माहीत होतं. गोटीरामलाही माहीत होतं, त्याने तर चेष्टा केली की कर्नलसाहेबाला छप्पन्न भोग चढवले काय. मी तिला म्हटलं होतं, पोरी, नोकरी आहे. ती म्हणाली, "मशीन बेशुद्ध पडलं तर विचारायचं कुणाला? साहेबांना?"

हंगाम सुरू झाला आणि फेब्रुवारीत डबा गोठला. आपोआप बंद-सुरू नव्हे, गोठला. पडद्यावर शेवटचे आकडे तसेच, कंप्रेसर होते त्या अवस्थेत, हाकेला ओ नाही. त्या दिवशी मोहिनीची सुट्टी होती. गोटीरामने तुम्हाला फोन लावला, तुम्ही म्हणालात बंद करून चालू कर, त्याने केलं, झालं. पंधरवड्याने पुन्हा तेच. मोहिनी जेवायला गेली होती, हात धुऊन येईपर्यंत तुमच्या सांगण्यावरून डब्याचा मेन स्विच काढलेला. आत काय झालं होतं ते विजेबरोबर गेलं. डिस्कवर एक ओळ नाही.

मग तुमचं पत्र आलं. ऑपरेटर मशीनशी खेळते, पूर्वी केबलचे प्रयोग केले, आदेशांबाबत वाद घालते. पुन्हा असं घडल्यास सेवा समाप्त. मोहिनीने ते वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि आईला सांगितलं नाही. मी सांगितलं. चूक की बरोबर माहीत नाही, पण पुतळाबाईला हॉलात दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला चाललं नसतं. तिने विचारलं, पोरीनं खरंच काही मोडलं का? मी म्हटलं नाही. मग विचारलं, हे कोण सांगंल त्यांना? 

मार्चमधली दुपार. बाहेर डांबर मऊ झालेलं, टेम्पोवाले टायरच्या सावलीत झोपलेले, आत चेंबर शून्य अंशावर आणि चारही भरलेले. दिंडोरीचा सगळा माल आमच्याकडे, परदेशी जाणारा. मोहिनी पडद्याकडे बघत होती आणि म्हणाली, "खंडूभाऊ, आकडे हलत नाहीत."

तापमानाचा शेवटचा आकडा एरवी सारखा थरथरत असतो. तो दगडासारखा बसला होता.

मी खाली पळालो आणि सगळे कंप्रेसर डब्याकडून काढून हाताने चालवायला घेतले. गोटीराम दाबाच्या गेजांसमोर जाऊन उभा राहिला. त्या माणसाच्या हातात द्राक्षं संध्याकाळपर्यंत सुरक्षित होती, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. धोका द्राक्षांना नव्हताच. धोका वर बसलेल्या मुलीला होता. मशीन तिसऱ्यांदा गोठलं होतं, आणि मेन काढला की तिच्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नव्हतं.

वर आलो तर तुम्हाला फोन लागलेला होता. नियम तुमचाच, मशीन गोठलं की आधी कळवायचं. मॅनेजर नाशिकला गेले होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर. खालून कुणीतरी बातमी नेली असावी, कारण दारात पुतळाबाई उभी होती. हातात कात्री तशीच. जिन्यावर आणखी पाचसहा बायका.

तुम्ही म्हणालात, पुन्हा तेच, काय केलंत तुम्ही त्याला. मोहिनी म्हणाली मला पाच मिनिटं द्या. तुम्ही म्हणालात एक मिनिट नाही, लाखोंचा माल आहे आत, इलेक्ट्रिशियन कुठे आहे, त्याला मेन काढायला सांगा.

"इथेच आहे साहेब," मी म्हणालो.

"मग काढ."

"काढतो. पॅनेलची चावी गोटीरामकडे आहे."

जिन्याखालून गोटीरामने ऐकलं. चावी त्याच्या करगोट्याला होती, मला दिसत होती, लखलखत होती. तो वरच्या पट्टीत ओरडला, "चावी व्हय? ती तर मी चहावाल्याकडं इसरलो. आनतो, आनतो." आणि जागेवरून हलला नाही. जिन्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

मोहिनीने ब्रेक पाठवला. मग टी दाबलं.

काही नाही. काळा पडदा. मधे कुणी येऊन ती कळ शून्य केली होती की काय? तुमचा माणूस जानेवारीत येऊन गेला होता.  मग मोहिनीने स्वतःच्याच उजव्या हाताकडे बघितलं. तो एकटाच दोन्ही कामं करत होता. ब्रेक गेला होता, पण अक्षर सापडेपर्यंत पाच सेकंद होऊन गेले होते. कडी धरली आणि बोलायच्या आत दार लोटलं गेलं. तिने डावा हात आधीच टीवर ठेवला, उजव्याने पुन्हा ब्रेक पाठवला, आणि लगेच डावा दाबला.

आणि मेलेलं मशीन बोललं.

एक ओळ, दोन, दहा. मग ओळींचा लोंढा. मी उभा होतो तिथून मला वाचता येत नव्हतं आणि वाचता आलं असतं तरी कळलं नसतं, तरी मी डोळा हलवला नाही. ज्याला तुम्ही आणि मी, सगळे, मेलेला समजत होतो, तो आतून एकेका कामाचं नाव घेऊन सांगत होता की ते आत्ता कुठे उभं आहे. जत्रेत दिवे जावेत आणि कुणी प्रत्येक माणसाचा हात धरून सांगावं की हा पाळण्याजवळ, ही बांगडीवाल्यापाशी, हा आता इकडून आला, त्याआधी तिकडे होता. नुसती जागा नाही. आलेली वाट. कुठल्या दारातून आत शिरला, तिथून कुठल्या खोलीत, तिथून कुठे. वरपासून तळापर्यंत, प्रत्येकाची. कुणाला लहान म्हणून वगळलेलं नाही, कुणाला मोठा म्हणून आधी घेतलेलं नाही. त्याला फक्त विचारायचा अवकाश होता.

पोलिसांत मृत्युपूर्व जबाब घेतात, त्याला कोर्टात वजन असतं असं म्हणतात. मरणाऱ्याला खोटं बोलून काय मिळवायचंय? मी तो जबाब डोळ्यांनी बघत होतो. पुतळाबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. तिला अक्षर येत नाही. तिने हळूच विचारलं, "त्यो सांगतोय का?"

"सांगतोय," मी म्हणालो.

"मंग आपन गप ऱ्हाऊ."

मोहिनी ओळी मागे सरकवत होती. जवळजवळ सगळी कामं झोपलेली, ती हाक मारली की उठतात. मग एक सापडलं ज्याच्यापुढे डी होतं. डी म्हणजे अशी झोप की ठार मारायला गेलं तरी ऐकू जात नाही. माझ्या कॉन्टॅक्टरना हुकूम देणारं कार्ड आहे ना डब्यात, त्या कार्डाकडून उत्तर यायची वाट बघत ते काम उभं होतं. कार्ड उत्तर देत नव्हतं आणि काम माघार घेत नव्हतं. आत जाताना त्याने कुलूप लावून घेतलेलं, म्हणून मागे बाकीची कामं दाराशी रांग लावून. तापमान दाखवणारं त्यातच, तिसरं.

त्या वाटेवरच्या शेवटच्या चार नावांवर तिने बोट ठेवलं. मला इंग्रजी बेताचं येतं, पण त्या चारही नावांच्या सुरुवातीची तीन अक्षरं मला पाठ होती. रोज बघतो. डब्यावर, पॅनेलवर, तुमच्या पत्राच्या डोक्यावर. तुमच्या कंपनीची आद्याक्षरं. तुमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणारा जो तुकडा तुमच्या लोकांनी लिहून कर्नेलला जोडला त्यात, काम अडकून पडलं होतं. मोहिनीने त्यात बोट घातलेलं नव्हतं. तिच्याकडे तो उघडायची सोयच नव्हती, तुम्ही तो बंद करूनच देता.

तिने ती चार नावं फोनमध्ये वाचून दाखवली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

पलीकडे कुणीतरी चहा ठेवला, बशी वाजली. आम्ही सगळे त्या काळ्या फोनकडे बघत होतो. मला खरंच वाटलं, आता हा माणूस म्हणेल की बाई, माझी चूक झाली. निदान म्हणेल, पुन्हा वाचा.

तुम्ही म्हणालात, "तुम्हाला हे दिसतंय कसं? ती कळ तर बंद करायला सांगितली होती."

साहेब, हे वाक्य मी विसरत नाही. मशीन का अडकलं हे तुम्ही विचारलं नाहीत.

 आलेल्या सगळ्या ओळी मोहिनीने आपल्या कॉम्प्युटरवर राखून ठेवल्या. मग ब्रेक आणि एस. खालून एक ओळ आली की लिहून झालं. ब्रेक आणि यू. आणखी एक ओळ, डिस्क थांबवली. मरता मरताही तो सांगितलेलं एकेक काम पुरं करून कळवत होता. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आता काढा, खंडूभाऊ." मी खाली गेलो, गोटीरामने करगोट्याची चावी सोडून हातात दिली, मी मेन काढला, दहा मोजले, लावला. डबा उठला. आकडे थरथरायला लागले. द्राक्षाच्या एका मण्याला ऊब लागली नव्हती.

बायका हॉलात परत गेल्या. पुतळाबाईने जाताना डब्यापुढे थांबून हात जोडले. गोटीराम म्हणाला, आता फूल नको वाहू बाई, महागात पडतं. ती हसली. त्या वर्षातलं तिचं हसू मला तेवढंच आठवतं.

मोहिनीने ते सगळं तुम्हाला पाठवलं. आठवड्याने तुमचा कागद आला, ज्याने मी सुरुवात केली. अनधिकृत हस्तक्षेप. सेवा समाप्त. बिघाडाचं कारण म्हणून तिचं नाव. आणि एप्रिलच्या शेवटी तुमचा माणूस एक सीडी घेऊन आला, नवा ड्रायव्हर घातला, आकडा छप्पन्नाचा शून्य केला आणि गेला. मी त्याला चहा पाजून विचारलं, नव्यात काय आहे? भला पोरगा होता. म्हणाला, कार्ड गप्प राहिलं तर आता वाट बघत बसत नाही, सोडून देतं. सगळ्या साइटवर घालायला सांगितलंय. म्हणजे तुम्ही तिचं पाठवलेलं वाचलंत. ओळ न् ओळ वाचलीत, समजून घेतलंत, आपलं दुरुस्त केलंत. डबा त्यानंतर एकदाही गोठलेला नाही.

मोहिनी तीन ठिकाणी मुलाखतीला गेली. तिन्ही ठिकाणी आधीच्या नोकरीचा कागद मागितला. आता सुरगाण्याला एका शाळेत मुलांना टायपिंग शिकवते, तेही वर्षाच्या करारावर.

या हंगामाला पुतळाबाई एकटीच आली. काल जिन्याच्या पायरीवर भाकरी सोडून बसली होती. मला म्हणाली, "भाऊ, मशीन खरं बोललं, आपन समद्यांनी ऐकलं. त्या सायबानं बी ऐकलं. मंग माझी पोरगी घरी का?"

मी इलेक्ट्रिशियन आहे, तार जोडून देतो. प्रश्न तुमचा आहे, तुमच्यापर्यंत आणून सोडला. पत्र पाठवू नका, तिला वाचता येत नाही. फोनही नको, फोनवर तुम्ही काय बोलता ते आम्ही ऐकलंय. पिंपळगावला या. पॅकहाऊसच्या हॉलात, कात्र्या थांबवलेल्या बायकांपुढे उभे राहा आणि पुतळाबाईच्या तोंडावर सांगा, तिची पोरगी घरी का?